पेन्शनमास्तरांची खूण

कापडगिरणीच्या पगारखात्यातल्या त्या म्हाताऱ्या कारकुनाला सगळे पेन्शनमास्तर म्हणत. रिटायर होणारा कामगार त्यांच्यापुढे बसायचा, कोऱ्या फॉर्मवर सही ठोकायचा आणि म्हणायचा, "बाकीचं तुम्ही बघा." मास्तर बघायचे. फॉर्मवर दोन चौकोन होते. पहिल्यात खूण केली तर माणसाला पुरी पेन्शन, पण तो गेला की बंद. दुसऱ्यात केली तर थोडी कमी, पण त्याच्यामागे बायकोला ती जन्मभर. मास्तर डोळे झाकून पहिल्यात खूण करत. हातात येणारे पैसे कमी करून कोण घेईल, असा त्यांचा सरळ हिशेब. आणि आजवर कुणी भांडायला आलं नव्हतं. ज्यांनी यायचं ते मरून गेले होते.

या खेपेला दहा फॉर्म होते, दहावा मास्तरांचा स्वतःचा. बायको अकरा वर्षांनी लहान, मूलबाळ नाही, आणि मास्तरांच्या छातीत एकदा कळ येऊन गेलेली. त्यामुळे आपला चौकोन दुसरा, हे घरात केव्हाच ठरलं होतं.

तीन वाजता शिपाई फॉर्मची पिशवी घेऊन हेड ऑफिसला गेला. मास्तरांनी चहाचा कप ओढला आणि सहज आवक-जावक वहीत कुणाची कुठली पेन्शन लिहिली ते पाहिलं. पुरी, पुरी, पुरी. दहाव्या ओळीतही, त्यांच्याच अक्षरात, पुरी. हाताला लागलेली सवय!

पाच वाजता हेड ऑफिसात नोंद व्हायची. एकदा झाली की काळ्या दगडावरची रेघ. मास्तर चहा तसाच टाकून निघाले. बस लवकर मिळेना, मिळाली ती प्रत्येक थांब्यावर रेंगाळे. डोळ्यांपुढे बायको दिसत होती, भावजयीच्या दारात औषधाच्या पैशांसाठी उभी. तिने आयुष्यात कुणाकडे वाटीभर साखर मागितली नव्हती. मास्तरांना रडूच फुटायचं बाकी होतं.

पाचाला दहा कमी असताना ते नोंदणीच्या टेबलाशी पोचले. तिथल्या बाई वही उघडतच होत्या.

"माझा एक फॉर्म चुकलाय. परत मिळेल का?"

"तुम्ही आणि चूक?" बाई हसल्या. "बसा आधी. घाम बघा केवढा आलाय." त्यांनी गठ्ठा पुढे सरकवला.

मास्तर एकेक फॉर्म उलटू लागले. शेवटचा त्यांचा. त्यांनी तो ओढून घेतला, खूण दुसऱ्या चौकोनात करून परत ठेवला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

"तेवढाच ना?"

"तेवढाच," म्हणून मास्तर जिन्यापर्यंत गेले. तिथे मात्र पाय अडले. उरलेल्या नऊ घरांतही बायका होत्या, आणि तिथे कुणालाच काही विचारलेलं नव्हतं. आधीच्या वर्षांतल्या घरांचा विचार करायची तर त्यांची छातीच झाली नाही. ते मागे फिरले.

"बाई, बाकीचे सगळेच द्या."

"मास्तर, उद्या अकराच्या आत परत आले नाहीत तर नऊ जणांची पेन्शन लांबेल. शिव्या तुम्ही खायच्या."

"खाईन."

पहिलं घर रंगखात्यातल्या रंगाऱ्याचं. दार त्यानेच उघडलं. "मास्तर, तुम्ही? सही तर केली होती की मी!"

"तुझ्याकडे काम नाही. वहिनींना बोलव."

रंगाऱ्याची बायको ओले हात पुसत बाहेर आली. नवरा पुढे झाला, तसं मास्तरांनी त्याला हाताने थांबवलं आणि फॉर्म तिच्यापुढे धरला.

"मला काय कळतंय त्यातलं?" ती संकोचून म्हणाली. "तुम्ही केलंय म्हणजे बरोबरच असेल."

मास्तरांनी पहिल्या चौकोनावर बोट ठेवलं.

"नाही केलं बरोबर, वहिनी," ते म्हणाले. "आत येऊ का?"