चष्मा घरी राहिला

एसटी स्टँडवर एक म्हातारा मला म्हणाला, "दादा, चष्मा घरी राहिला. ही गाडी कुठली?"

मला हसू आलं. जन्मभर मीही हेच सांगत आलो. माणसाला अडाणी म्हणवून घेण्यापेक्षा आंधळं म्हणवून घेणं बरं वाटतं.

शाळेत गुरुजी मला दगड म्हणायचे. गेल्या वर्षी मला वाचता का येत नाही, याच्या तपासणीला नातीनं नेलं, तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही मठ्ठ नाही. अक्षरं नीट न लागण्याच्या या त्रासाला डिस्लेक्सिया म्हणतात, जन्मापासूनचा आहे." गुरुजींचा दगड त्या दिवशी छातीवरून उतरला. आता त्याच बाई दर बुधवारी मला अक्षर बोटानं गिरवून वाचायला शिकवतात.

मी नाकावरचा चष्मा सारखा केला आणि हवेत बोट फिरवत गाडीची पाटी वाचली. "क... रा... ड. कराड."

"चष्मा लावूनसुद्धा एवढा वेळ?" म्हातारा म्हणाला.

"लागतो वेळ," मी म्हणालो. "पण वाचतो माझा मी."