फोन न उचलणारे नकाशेकाका

नकाशेकाका फोन उचलत नाहीत हे तिला नोकरीच्या पहिल्याच दिवशी कळलं, आणि चौथ्या दिवशी तिचं डोकं फिरलं.

ती नवी इंजिनियर. कॉलेजातून बाहेर पडून वर्षही झालं नव्हतं. पूल बांधणाऱ्या एका छोट्या कंपनीत तिला काम मिळालं होतं, पण त्या कंपनीला ऑफिस असं नव्हतंच. साहेब एका शहरात, मोजणीवाला नदीकाठच्या तंबूत, लोखंड कापणारा फोरमन दोन दिवसांच्या वाटेवरच्या कारखान्यात आणि नकाशे काढणारे काका आणखी कुठेतरी. हिचं ऑफिस म्हणजे झोपायच्या खोलीतलं टेबल. त्यावर एका बाजूला संगणक, दुसऱ्या बाजूला इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. आई अधूनमधून दारातून डोकावायची आणि म्हणायची, "बाईसाहेब, ऑफिस सुटलं असेल तर जरा मटार सोलता का?"

काम होतं एका पादचारी पुलाचं. छत्तीस मीटरचा लोखंडी पूल, नदीच्या दोन काठांवर टेकणारा. पलीकडच्या वस्तीला अलीकडे यायला तासाभराचा वळसा पडायचा. कुठला लोखंडी तुकडा किती जाड हवा याचा हिशेब हिने करायचा, त्यावरून काकांनी नकाशे काढायचे आणि नकाशांबरहुकूम फोरमनने लोखंड कापायचं.

चौथ्या दिवशी तिने काकांना सकाळपासून सहा फोन केले. एकही उचलला नाही. दुपारी त्यांचा मेसेज आला : "मी फोनवर नसतो. लिहा. तासाभरात वाचतो." पुढे ना नमस्कार, ना चमत्कार.

तिने साहेबांकडे गाऱ्हाणं नेलं. "साहेब, दोन मिनिटांचं बोलणं असतं. ते लिहायला मला अर्धा तास लागतो."

"बरं. मग अर्धा तास लाव," साहेब म्हणाले.

"पण ते बोलत का नाहीत?"

"दोन महिने त्यांना लिहून विचार. त्यानंतरही तक्रार असेल तर मला सांग. तेव्हा मी ऐकेन."

झालं. ती नाक मुरडत लिहायला लागली. पहिल्यांदा लिहिलं, "त्या टोकाच्या जोडाचं काय ते बघा ना." काकांचं उत्तर आलं, "दोन टोकं आहेत, प्रत्येक टोकाला चार जोड आहेत. कोणता? आणि काय बघू?" तिच्या कानाची पाळी लाल झाली. तिने पुन्हा लिहायला घेतलं आणि तिच्या लक्षात आलं, की काय विचारायचंय हे तिचं तिलाच धड माहीत नव्हतं. नीट लिहून होईपर्यंत उत्तर तिलाच सापडलं. प्रश्न पाठवायची वेळच आली नाही.

सगळ्यांना उघडता येईल अशी एक निर्णयवही काकांनी संगणकावर ठेवली होती. काय ठरलं, कुणी ठरवलं, कधी, आणि शेवटचा रकाना : का. त्या 'का'वर काकांचा भारी जीव. तो मोकळा दिसला, की त्यांचा मेसेज आलाच म्हणून समजा. कारखान्यात फोरमन पहाटे कामाला लागायचा, तेव्हा बाकीचे सगळे घोरत असायचे. पण त्याचं कधी अडलं नाही. तो वही उघडायचा, वाचायचा आणि कामाला लागायचा. "मला आता कुणाला उठवायला लागत नाही," एकदा त्याने तिला लिहिलं होतं. "आधीच्या कंपनीत निम्मा दिवस नुसता फोन लावण्यात जायचा."

सातव्या आठवड्यात ती गोष्ट घडली.

पलीकडच्या काठावर पुलाचं टोक ज्याच्यावर बसणार, तो काँक्रीटचा चौथरा तयार झाला होता. मोजणीवाल्याने त्याची उंची मोजली आणि उत्साहाच्या भरात तिला फोनच केला. नदीवर वारा होता, आवाज तुटत होता. "बारा मीटर एकोणसत्तर," तिने ऐकलं, वहीच्या कोपऱ्यावर खरडलं, हिशेबात घातलं आणि काकांकडे पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी लोखंड कापायचं होतं.

काकांनी विचारलं, "हा आकडा कुठून आला?"

"मोजणीवाल्यांनी फोनवर सांगितला."

"फोनवर सांगितलेला आकडा माझ्या नकाशात जात नाही. त्यांनी अंकात लिहावा, सोबत मोजपट्टीचा फोटो."

ती चिडली. उद्या कापायचंय आणि ह्यांचं हे सोवळं! पण तोवर काकांशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, हे तिला कळून चुकलं होतं. तिने मोजणीवाल्याला लिहिलं. वीस मिनिटांनी फोटो आला, खाली आकडा : १२.५९.

एकोणसाठ! एकोणसत्तर नव्हे, एकोणसाठ.

दहा सेंटिमीटर. पुलाचे त्या बाजूचे पाय वीतभर नाही, पण चार बोटांहून जास्त आखूड कापले गेले असते आणि पूल तिथे लोंबकळत राहिला असता. मटारांची परात घेऊन आई आत आली, तिचा चेहरा बघून आल्या पावली परत गेली.

आता बोलणी खायची, म्हणून ती वाट बघत बसली. संध्याकाळी निर्णयवहीत काकांची नोंद आली. तिने वाचली : "चौथऱ्याची उंची १२.५९, फोटो जोडला आहे. यापुढे मापं फक्त अंकात आणि लेखी. का : एकोणसाठ आणि एकोणसत्तर कानाला सारखे लागतात." एवढंच. तिचं नाव नाही, मोजणीवाल्याचं नाही. चूक कुणाची, हा रकानाच त्या वहीत नव्हता.

तिने ती नोंद चार वेळा वाचली. हा कोण माणूस आहे, असं तिला पहिल्यांदा वाटलं. राग कुठल्या कुठे पळाला होता.

दोन महिने उलटले. तक्रार करायची तिला आठवणही राहिली नाही.

पूल उचलून बसवायच्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना नदीवर बोलावलं. त्या पाच जणांतल्या बहुतेकांनी एकमेकांना तोवर पाहिलंही नव्हतं. मोजणीवाला तिला वाटला होता त्याच्या निम्म्या उंचीचा निघाला आणि ज्या फोरमनचा दरारा वाटायचा, तो माणूस प्रत्यक्षात लाजराबुजरा. हसाहशी चालली होती, तेवढ्यात एक रिक्षा थांबली. राखाडी केसांचे, शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली लावलेले एक गृहस्थ उतरले, मागून त्यांची बायको.

"नकाशेकाका!" ती धावतच गेली आणि सुरूच झाली. पहिल्या दिवशी किती राग आला होता, त्या एकोणसाठाने कशी झोप उडवली, आई त्यांना काय म्हणते, सगळं एका दमात. काका हसून तिच्याकडे बघत होते. तिचं संपल्यावर त्यांनी खिशातून एक छोटी वही काढली, पेन्सिलीसकट तिच्या हातात दिली आणि जरा मोठ्या, सपाट आवाजात म्हणाले, "लिही."

तिला वाटलं, थट्टा करताहेत. ती खळखळून हसली.

"त्यांना ऐकू येत नाही गं," काकू म्हणाल्या. "अकरा वर्षं झाली."

तिने हातातल्या वहीकडे पाहिलं.

मग काकूंनी सांगितलं. बेचाळिसाव्या वर्षी मोठा ताप आला, ताप उतरला आणि कान घेऊन गेला. तेव्हा ते एका बड्या ऑफिसात होते. मिटिंगमध्ये लोक बोलायचे, हसायचे, हे सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे. काय ठरलं विचारलं, की जो तो म्हणायचा, नंतर सांगतो. ते 'नंतर' काही यायचं नाही. शेवटी त्यांना जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. साहेब त्याच ऑफिसात होते. त्यांनी ही कंपनी काढली, सगळे आपापल्या घरून काम करणार असं ठरवलं आणि पहिला निरोप ह्यांना पाठवला.

काका दोघींच्या ओठांकडे आळीपाळीने बघत होते. विषय त्यांच्या ध्यानात आला असावा. "सगळे घरी गेले," ते म्हणाले, "आणि मी कामावर परत आलो."

तिने वही उघडली. तिने लिहिलं, "आम्हाला आधी का नाही सांगितलंत?"

काकांनी वाचलं. "सांगितलं असतं तर तू मला सोपं सोपं लिहिलं असतंस. जपून, कीव केल्यासारखं. आणि माझ्याशी लिहून बाकीच्यांशी फोनवर बोलली असतीस. मला तसं नको होतं. सगळ्यांनी सगळ्यांना लिहावं, असं हवं होतं."

तेवढ्यात शिट्टी झाली. क्रेनने पूल उचलला.

छत्तीस मीटर लोखंड हवेत चढलं. पूल हळूहळू नदीवर आडवा झाला, थोडा डुलला, स्थिर झाला. आता खाली येत होता. प्रत्येक टोकाला सोळा बोल्ट. चौथरा गवंड्यांनी ओतलेला, लोखंड दोन दिवसांच्या वाटेवर कापलेलं, हिशेब इस्त्रीच्या कपड्यांशेजारी केलेला, आणि ह्या सगळ्यांना एका कागदावर आणणाऱ्या माणसाने ह्यातल्या एकाचाही आवाज कधी ऐकलेला नाही. हे सगळं जुळायचं होतं, तेही दोन मिलिमीटरच्या आत. आपण किती सहज आकडे लिहीत होतो, ह्या विचाराने तिच्या अंगावर काटा आला.

पूल टेकला. फोरमन पलीकडच्या चौथऱ्यापाशी गुडघ्यांवर बसला. त्याने पहिला बोल्ट भोकावर धरला आणि हातोडा न उचलता, नुसत्या दोन बोटांनी, आत सरकवला. दुसरा. तिसरा. सोळाच्या सोळा. मग तो उठला आणि त्याने दोन्ही हात वर केले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. मोजणीवाला तर रडतच होता.

काका टाळ्यांकडे बघत होते. तिने वही मिटून त्यांना परत केली आणि वाकून नमस्कार केला. काका गोंधळून दोन पावलं मागे सरले. काकूंना म्हणाले, "हिला काय झालं?"

दुपारपर्यंत फळ्या बसल्या, कठडे आवळले गेले. अजून फीत नव्हती, पाहुणे नव्हते, भाषण तर नव्हतंच. पलीकडच्या वस्तीतून एक नर्सबाई सायकल ढकलत आल्या, औषधांची पेटी मागे बांधलेली. "झाला का?" त्यांनी फोरमनला विचारलं. त्याने मान हलवली. बाई सायकलवर बसल्या आणि घंटी वाजवत, खाली नदीकडे एकदाही न बघता, घाईघाईने पूल ओलांडून निघून गेल्या.