संध्याकाळी सातचे फिके लॉट

त्या आठवड्यातला तिसरा लॉट फिका निघाला, तेव्हा शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर कापडाचे दोन तुकडे होते. एक पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, पास केलेलं सॅम्पल, दुसरा आमचा माल. "बेन, आ मरून छे?" हा मरून रंग आहे का, एवढंच त्यांनी गुजरातीत विचारलं. पार्टीने सगळा माल परत पाठवला होता.

मी बमरोलीच्या एका डाइंग मिलमध्ये क्वालिटी कंट्रोल बघते. रंगवलेलं कापड ठरलेल्या शेडशी जुळतं का ते तपासायचं आणि नापास झालं तर कारण शोधायचं, हे माझं काम.

रंगाचं वजन तपासलं, बरोबर. रेसिपी बरोबर. मग जेट मशीनचा चार्ट काढला. जेट म्हणजे प्रेशर कुकरसारखं बंद मशीन. पॉलिस्टर त्यात एकशे तीस डिग्रीवर पाऊण तास फिरलं की रंग नीट बसतो. चार्टवर तिन्ही लॉट वीस मिनिटांतच थंड करायला घेतलेले. तिन्ही वेळा संध्याकाळी सातच्या सुमारास. ऑपरेटर एकच, सुभाष.

सुभाष डिंडोलीला राहतो, माझ्यासारखाच धुळ्याकडचा. बारा वर्षं जेटवर, एक तक्रार नाही. म्हणून मी जास्तच चिडले. आधी त्याने स्टीमला दोष दिला, मग मीटरला. शेवटी खिशातून फोन काढला. क्रिकेटवर सट्टा लावणाऱ्यांना टिप देणारा एक व्हीआयपी ग्रुप होता. सातला टॉस झाला की टिप यायची आणि मॅच सुरू व्हायच्या आत पैसे लावायचे. आत रेंज नाही. मशीन थंड करायला लावलं की अर्धा तास बाहेर जाता येतं, म्हणून हा उद्योग.

"या ग्रुपचे पैसे भरतोस?" मी विचारलं.

"ताई, एक्स्पर्ट लोक आहेत. फुकट थोडंच सांगतील?"

पैसे घेतात म्हणजे माहिती पक्की, असा त्याचा हिशेब. जुन्या टिपा दाखवल्या, तर एकूण एक बरोबर आलेल्या. एकही चुकली नाही का, असं विचारलं. एखाददुसरी चुकली असेल म्हणाला. ती मात्र ग्रुपवर सापडेना.

शेठ त्याला काढायलाच निघाले होते. मी दोन आठवडे मागून घेतले आणि त्याला फोल्डिंगला, म्हणजे कापडाच्या घड्या घालायला बसवलं. अट एकच. टिप आली की तेव्हाच कागदावर लिहायची आणि मला दाखवायची. मला खोटं पाडायचं म्हणून तो आनंदाने तयार झाला.

अकरा टिपा आल्या. पाच बरोबर, सहा चूक. नाणं उडवलं असतं तरी एवढं जमलं असतं. मी कागद त्याच्या फोनशेजारी ठेवला. ग्रुपवर फक्त बरोबर आलेल्या पाचच उरल्या होत्या. मग त्याने अगदी नम्रपणे ग्रुपवर लिहिलं, "सर, बाकीच्या टिपा कुठे गेल्या?" दहा मिनिटांत त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. सहा महिन्यांची फी त्याने आठवड्यापूर्वीच भरली होती. तक्रार कुठे करणार? सट्टाच बेकायदा.

मला वाटलं, डोळे उघडले. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "ताई, तुम्ही तो कागद लिहायला लावला नसता तर मला काढलं नसतं."

त्याहून कहर म्हणजे फोल्डिंगमधले दोघे त्याला ग्रुपचं नाव विचारत होते. एवढा कडक ग्रुप आहे, म्हणजे टिपा खऱ्याच असणार, असं त्यांचं म्हणणं. मी चहा तसाच ठेवून उठले.

सुभाष चार महिने कमी पगारावर फोल्डिंगला होता. पुन्हा असल्या ग्रुपात गेलो नाही, असं सांगतो. आता जेटवर परत आलाय आणि लॉट पास होतायत. ती पार्टी मात्र आमच्याकडे परत आली नाही.

पैसे भरून टिपा घ्याव्यात का, असं मिलमध्ये मला अजूनही विचारतात. टिप बरोबर आली तरी फी त्यांची, चुकली तरी फी त्यांचीच. त्या धंद्यात जुगार खेळतो तो फक्त फी भरणारा.