दुसरा घोट

अप्पा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वालूरच्या दुकानात तेल मापत होतो. थोरला भाऊ गेला म्हणून रडायचं, तर डोक्यात त्यांचं आठ दिवसांपूर्वीचं वाक्य घोळत होतं. कोऱ्या चहाची कपबशी खाली ठेवत ते म्हणाले होते, “साहेबाचं ते काळं पाणी... मागून गोड लागलं होतं रे.” मागून? म्हणजे गिळल्यावर?

गोष्ट निजामाच्या राजवटीतली. आम्ही करडीच्या तेलाचे व्यापारी आणि अप्पांची जीभ पंचक्रोशीत नावाजलेली. पितळी वाटीतला पहिला घोट ते तोंडात घोळवून थुंकत, दुसरा गिळत. खवटपणा जिभेला नाही, घशाला कळतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये डबे पोचवायला गेलो, तर तिथल्या गोऱ्या साहेबानं काळ्या बिअरची बाटली उघडून अप्पांच्या जिभेची परीक्षाच मांडली. आम्ही लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, दारू वर्ज्य. अप्पांनी साहेबाच्या मुन्शीला विचारलं, हे काय? तो म्हणाला, “जौ का पानी है अप्पासाब, ताकत का.” जवाचं पाणी म्हटल्यावर अप्पांनी वाटी पुढे केली. तपकिरी फेस काठावर आला. वास घेऊन म्हणाले, “जव लय भाजलेत, पण करपू दिले न्हाईत.” पहिला घोट घोळवला, थुंकला. “कडू हाय... काकवीवानी दाट हाय...” तेवढ्यात बैल बुजले म्हणून मी गाडीकडे वळलो. परत पाहिलं तर वाटी रिकामी, आणि मुन्शी हसत होता.

आमच्याआधी दारूची बातमी गावात पोचली. अप्पांच्या पोरीची सोयरीक ठरत आलेली. होणाऱ्या व्याह्यांसमोर जंगम स्वामींनी विचारलं, “गिळली का?” अप्पा माझ्याकडे बघत राहिले. मी इष्टलिंग हातात धरून म्हणालो, “थुंकली. दोन्ही येळेला. म्या बगितलं.” लग्न झालं. अप्पांनी तो विषय पुन्हा काढला नाही, मीही विचारलं नाही. आता त्यांचा रागच येतो. इतकी वर्षं गप्प राहून जाताजाता असं कशाला बोलायचं? का त्यांना वाटलं, मला सगळं माहीतच आहे...

वहिनींनी ती वाटी मला दिली. काल नव्या करडीचं तेल आलं. पहिला घोट थुंकला. दुसऱ्यासाठी वाटी ओठाला लावली आणि मान आपोआप दाराकडे वळली. दारात गाडी नव्हती, बैल नव्हते. त्या दिवशी तरी ते खरंच बुजले होते का? मला आता सांगता येत नाही.