प्रमिलाच्या पावडरीत काय होतं?

‘ऱ्हॅब्डोमायोलिसिस,’ डॉक्टर म्हणाले आणि माझ्या रिपोर्टवरच्या एका आकड्याभोवती त्यांनी पेनानं गोल काढला.

बोईसरच्या एका खासगी रुग्णालयात मी पळण्याच्या कपड्यांतच खाटेवर पडले होते. बुटांना वाघोबा घाटातली माती तशीच होती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. स्नायूंवर फार ताण आला की त्यांच्या पेशी फुटतात, आतली द्रव्यं रक्तात उतरतात आणि ती गाळताना मूत्रपिंडं बंद पडू शकतात. गोल काढलेला आकडा सीकेचा, म्हणजे क्रिएटिन कायनेजचा होता. हे द्रव्य स्नायूंत असतं, रक्तात एरवी शे-दोनशेच सापडतं. माझ्या रक्तात ते साठ हजारांच्या वर गेलं होतं.

माझ्या मनात पहिला विचार आला, हा माणूस मला घाबरवतोय.

माझा स्वभाव तसा आहे, आणि कामही तसंच. तारापूरच्या एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. पिंपावर काय लिहिलंय त्यावर विश्वास ठेवायचा नाही, नमुना काढून तपासायचा, हे मी सोळा वर्षं करतेय.

चार वर्षांपूर्वी मी पळायला लागले. डिसेंबरात सह्याद्रीतल्या पन्नास किलोमीटरच्या डोंगरवाटेच्या शर्यतीत उतरायचं आम्ही ठरवलं होतं. आम्ही म्हणजे मी आणि प्रमिला. ती नवापूरची, मासेमारी करणाऱ्या घरातली, शाळेत शिक्षिका. दर रविवारी कालदुर्ग चढून उतरायचा आणि मग घाटातल्या पायवाटा धरायच्या. त्या रविवारी छत्तीस किलोमीटर झाले. ऑक्टोबरचं ऊन होतं. शेवटचे दोन तास मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या. घरी आल्यावर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली. नितीननं, माझ्या नवऱ्यानं, मला आंघोळही करू दिली नाही, सरळ रुग्णालयात आणलं.

ताप होता का, काही औषधं चालू आहेत का, कसली पावडर घेता का, असं डॉक्टरांनी विचारलं. ताप नव्हता, औषधं नाहीत, असं मी सांगितलं. पावडर मात्र सांगितली. प्रमिला घरी बनवते ती, पाण्यात घालून प्यायची.

दुसऱ्या दिवशी मला पाय उचलता येईना. कूस बदलायलाही सिस्टर लागायच्या. शिरेतून सलाईन सतत चालू होतं आणि लघवीचं माप दर तासाला लिहिलं जात होतं. क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडं जो कचरा बाहेर टाकतात त्यातल्या एका द्रव्याची, रक्तातली पातळी वाढतच होती. डॉक्टर डायलिसिस हा शब्द बोलले. यंत्रानं रक्त गाळायचं.

रुग्णालयानं यंत्र आणलंय, तर त्याला लावायला पेशंट हवाच, असं मला वाटलं. मी नितीनला हट्टानं रक्ताचा दुसरा नमुना पालघरच्या एका लॅबमध्ये द्यायला लावला. तिथला आकडा थोडा जास्तच आला.

मग संशय दुसरीकडे वळला. घाटातल्या पाड्यावर हातपंपाचं पाणी प्यायले होते, ते असेल. कारखान्यातली हवा असेल. पण पाणी प्रमिलाही प्यायली होती आणि ती ठणठणीत होती. नेमकं हेच मला खटकायला लागलं. माझी बाटली वेगळी होती, आणि पावडर तिनं आपल्या हातानं त्यात टाकली होती. शर्यतींत आमच्या वयोगटात आम्ही दोघीच पुढे असायचो. पडल्यापडल्या माणूस काय काय विचार करतो, ते लिहायलाही लाज वाटते. पण हे लिहितेय ते खरं सांगायला.

बॅगेच्या बाहेरच्या खिशात उरलेली पावडर होती. ती मी नितीनकरवी माझे सहकारी साळुंखे यांच्याकडे पाठवली. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मीठ, साखर आणि लिंबाचं आम्ल, बाकी काही नाही. मी त्यांना पुन्हा तपासायला सांगितलं. ते म्हणाले, ‘मॅडम, हे लिंबू-सरबत आहे.’

चौथ्या दिवशी नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रपिंडांच्या तज्ज्ञ डॉक्टर, आल्या. बाई बुटक्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सगळे कागद शांतपणे वाचले. मला काही न विचारता नितीनला म्हणाल्या, ‘यांची पळायची बॅग घेऊन या.’

त्या वेळी प्रमिला तांदळाची पेज घेऊन आली होती. तिच्यासमोरच बॅग चादरीवर रिकामी झाली. टोपी, मोजे, शिट्टी आणि वेदनाशामक गोळ्यांची तीन पाकिटं. दोन रिकामी, तिसऱ्यात दोन गोळ्या शिल्लक.

‘रविवारी किती घेतल्यात?’

‘चार,’ मी म्हणाले.

ऑगस्टपासून गुडघा दुखत होता. नितीनला कळलं असतं तर त्यानं पळणं थांबवलं असतं. प्रमिलानं मला सोबत नेलं नसतं. आणि खरं सांगते, डॉक्टरांनी औषधांचं विचारलं तेव्हा आपण खोटं बोलतोय असं मला वाटलंच नाही. गुडघ्याची गोळी मी औषधात धरतच नव्हते.

या गोळ्यांनी मूत्रपिंडांकडे जाणारं रक्त कमी होतं, बाईंनी सांगितलं. त्यात ऊन, घाम आणि फुटलेले स्नायू. ‘हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर बरं झालं असतं,’ एवढंच त्या म्हणाल्या आणि कागदावर लिहायला लागल्या.

त्या गेल्यावर मी प्रमिलाला पावडर तपासल्याचं सांगितलं. सांगितल्याशिवाय राहवेना. तिनं डब्याचं झाकण उघडलं.

‘दर रविवारी मी विचारत व्हते, पाय दुखतो काय,’ ती म्हणाली. ‘तू नाय म्हणायचीस. मी काय तुझा पाय तपासाया नाय दिला.’

मग तिनं पेज वाटीत ओतली, चमचा माझ्या हातात दिला आणि निघून गेली.

सहाव्या दिवशी क्रिएटिनिन उतरायला लागलं. डायलिसिस टळलं. दहाव्या दिवशी मी नितीनच्या खांद्याला धरून जिना उतरले. तीन महिने पळणं बंद होतं. प्रमिला डिसेंबरची शर्यत एकटीच पळाली. तिनं फोन केला नाही, मीही केला नाही.

फेब्रुवारीत मी नवापूरला तिच्या घरी गेले. अंगणात तिची आई बोंबील वाळत घालत होती. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण प्रमिलानं बोलूच दिलं नाही. म्हणाली, ‘चल, आपून आता वाळूतून चालू. पळायचं मंग बघू.’ चालत आम्ही खूप लांब गेलो.

हे वाचणारं कुणी लांब पळत असेल तर एक सांगते. लघवी गडद झाली तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. आणि डॉक्टरांसमोर बॅग स्वतःच्या हातानं रिकामी करा. मी ज्या माणसांवर संशय घेतला, त्या प्रत्येकानं मला वाचवायचाच प्रयत्न केला. जिच्यावर घ्यायला हवा होता, ती खाटेवर पडून सगळ्यांकडे रोखून बघत होती.

पुढच्या डिसेंबरात मी ती शर्यत एकही गोळी न घेता पळाले. तिसाव्या किलोमीटरला गुडघा बोलायला लागला. प्रमिलाला तसं सांगितलं, तिला पुढे जायला लावलं आणि उरलेली वाट चालले. पोचले तेव्हा शर्यतीची वेळ संपली होती आणि अंतिम रेषेवरची कमान उतरवत होते. प्रमिला खुर्चीवर बसून होती.

दोन दिवसांनी निकालाची यादी आली. माझं नाव त्यात नाही, असं प्रमिलानं फोनवर सांगितलं. तू बघ, असंही म्हणाली. मी यादी उघडली नाही. प्रमिला म्हणाली म्हणजे नसणारच.