सामाईक फाइलीतले बाबा

दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीसाठी मी प्रतापनगरातल्या घरी बसून पायथन या संगणकाच्या भाषेत टेस्ट लिहितो, म्हणजे ते सॉफ्टवेअर बरोबर चालतं का हे तपासणारे छोटे प्रोग्राम. प्रत्येक टेस्टला आधी एक खोटा रुग्ण लागतो. मी पक्का आळशी. डोकं खाजवण्यापेक्षा बाबांचंच नाव, वय आणि पत्ता टाकला. विचारलं, तर म्हणाले, "टाक न. मले का होते?"

रुग्ण तयार करणाऱ्या कोडच्या त्या ओळी मी नऊ फायलींत जशाच्या तशा चिकटवल्या होत्या. एक बदल करायचा तर नऊ ठिकाणी हात घालावा लागे, आणि एखादं हमखास सुटे. वैतागून त्या एका सामाईक फाइलीत नेल्या. वेळ वाचावा म्हणून रुग्ण एकदाच तयार करून सगळ्या टेस्टना तोच दिला. शहाणपण अंगाशी आलं. एक टेस्ट रुग्णाचा मृत्यू नोंदवते. तिच्यानंतरच्या सगळ्या लाल झाल्या, म्हणजे नापास. मृत रुग्णाला डॉक्टरची वेळ देता येत नाही, असं बाबांच्या नावासकट स्क्रीनवर आलं. बाबा शेजारीच चहा पीत होते. खूप हसले, आईलाही सांगून आले. मग मी प्रत्येक टेस्टसाठी रुग्ण नव्याने तयार होईल असं केलं.

दिवाळीनंतर बाबा गेले. तेरावं आटोपून कामाला बसलो, टेस्ट चालवल्या. सगळं हिरवं. बाबा नाव नोंदवत होते, औषध घेत होते, एका टेस्टमध्ये मरत होते आणि पुढच्या टेस्टला पुन्हा एकाहत्तर वर्षांचे, ठणठणीत. दिवसातून दहा-बारा वेळा. मला त्याची भीती वाटायला लागली, आणि ते थांबेल याचीही.

एकदा आई मागे येऊन उभी राहिली. ते अजून त्यात आहेत का, तिने विचारलं. मी मान हलवली.

"मंग रोज काहून मारून राहिला गा त्यायले? काढून टाक."

आता बदलायला एकच जागा होती. तरी आठ दिवस ती फाइल नुसती उघडून बंद करत राहिलो. नवव्या दिवशी दुपारी नाव, वय, पत्ता बदलला. एखादी तरी टेस्ट लाल होईल असं फार वाटत होतं. एकही झाली नाही. मग जुन्या नऊही फायली उघडून पाहिल्या, कुठे एखादं ठिकाण सुटलंय का म्हणून. कधी नव्हे ते मी काम नीट केलं होतं.

आईला सांगितलं, काढलं. ती मेथी निवडत होती.

"काही अडलं का गा?"

नाही म्हणालो. तिने जुडी खाली ठेवली आणि आत निघून गेली.