पलटणीचा माइक बंद का असतो

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. लिंबाखालचं अंगण कितीही झाडा, सकाळी पाला असतोच, तसे ते साचतात. बोलक्या माणसांचे साचले तर त्यात नवल नाही. आमच्याकडे साचले ते न बोलणाऱ्यांचे!

मी मिलिंद. पूर्णेत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर एक लढाईचा गेम खेळतो, चार-चार जणांची टीम करून. त्या गेमपायी ‘परभणी पलटण’ नावाचा ग्रुप काढला. ताडकळसचे आले, सेलूचे आले, जिंतूरचे दोघं आले. बघता बघता शेहेचाळीस मेंबर झाले. नियमांत पहिलंच वाक्य मी लिहिलं, ‘येथे मोकळेपणाने चर्चा करावी.’

त्यानंतर सहा महिने मी एकटाच मोकळेपणाने चर्चा करत होतो. बाकीचे अंगठा दाखवायचे.

*

पहिली चूक माझीच. गंगाधर सरांना मीच ग्रुपात घेतलं. सर सेलूचे, जन्मभर मराठी शिकवून रिटायर झालेले. नातवानं त्यांच्या फोनमध्ये गेम टाकून दिला आणि तो लातूरला शिकायला गेला. सर खेळत राहिले. त्यांचा नेम बरा आहे, पण नजर त्याहून बरी आहे.

एका संध्याकाळी ताडकळसच्या सुनीलनं ग्रुपवर लिहिलं, ‘मि आलो.’

सरांनी लगेच लिहिलं, ‘ऱ्हस्व मि आला. दीर्घ मी कधी येणार?’

सुनीलला वाटलं, दीर्घ नावाचा कोणी नवीन प्लेयर आहे. त्यानं प्रामाणिकपणे उत्तर दिलं, ‘माहित नाही सर, ओनलाईन दिसत नाही.’

सरांनी त्या वाक्यातल्या दोन चुका काढून दिल्या. तेव्हापासून लोक लिहायला भ्यायला लागले. सेलूचा कैलास तर काही लिहायच्या आधी मला फोन करायचा. एकदा दुकानात गर्दी असताना त्याचा फोन आला, "मिलिंदभाऊ, ‘पोझिशन सांगू का’ लिहायलोय. ‘सांगू’मधला गू कोणता?"

"मोठा," मी म्हणालो.

"आं?"

"गू मोठा! मोठा गू!"

आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेल्या बाई कार्ड घेऊन निघून गेल्या.

पुढच्याच महिन्यात सरांनी ग्रुपवर लिहिलं, ‘या गटात चर्चा का होत नाही, याचे मला आश्चर्य वाटते.’ त्यावर बावीस अंगठे आले.

*

लिहायची भीती वाटते तर बोला, म्हणून मी माइकवर बोलायची पद्धत सुरू केली. सगळ्यात आधी माइक उघडला तो कैलासनं. हा कापसाचा दलाल, गेममधलं नाव ‘किलर कैलास’. आवाजात नुसता दरारा.

"तुमी सगळे मागं थांबा," तो म्हणाला. "मी एकटा पुलावर जातो. एक एकाला बघून घेतो."

आम्ही श्वास रोखून मागं थांबलो. किलर पुलावर पोचला, आणि त्याच्या माइकमधून बायकोचा आवाज आला, "अहो, आधी भेंडी चिरा, मग माणसं मारा."

नंतर बराच वेळ फक्त सुरीचा आवाज येत होता. किलर पुलाच्या मधोमध उभा, आणि आम्ही तिघं त्याच्या भोवती राखण करत होतो. भेंडी पाऊण किलो असावी.

आता कुठलाही हल्ला करायच्या आधी कोणीतरी विचारतंच, "कैलास, भेंडी झाली का?" कैलासचा माइक कायमचा बंद झाला. त्याच्याबरोबर ग्रुपातल्या सगळ्या लग्न झालेल्यांचे माइक बंद झाले. मला वाटतं, भेंडी घराघरात होती.

*

सुनीलचं दुःख वेगळं. एकदा आमच्या टीममध्ये चौथा गडी पुण्याचा आला. बोलायला गोड, पण प्रत्येक गोष्ट नीट समजून घेणारा.

सुनील ओरडला, "मागून यायलेत! मागून यायलेत!"

पुणेकरानं विचारलं, "यायलेत म्हणजे? येणार आहेत की आले आहेत?"

"यायलेत म्हणजे यायलेत."

"नाही, पण नेमकं कधी?"

सुनीलनं क्षणभर विचार केला. "आता तुला दिसायलेत का?"

"हो."

"तेच."

पुणेकर हसला, त्याचे दोन मित्र ऐकत होते तेही हसले, आणि ते हसणं सुनीलच्या मनाला लागलं. एरवी आठवडी बाजारात दहा जणांशी भांडून येणारा हा माणूस महिनाभर माइकवर आला नाही. आला तो तयारी करून. ऐन लढाईत शांतपणे म्हणाला, "शत्रू पश्चिमेकडून आपल्या दिशेने प्रस्थान करीत आहेत."

आम्हाला काही कळलं नाही. तिघंही मेलो. त्या तिघांत गंगाधर सरही होते, पण त्यांनी त्या दिवशी ग्रुपवर पहिल्यांदा स्वतःहून अंगठा दिला.

*

‘वाघ पंचेचाळीस’ नावाचा एक प्लेयर होता. बेधडक. आम्ही त्याला वाट्टेल ते बोलायचो, तो गुमान खेळायचा. एकदा त्याचा माइक चुकून सुरू झाला आणि समजलं की वाघ म्हणजे सुषमा मॅडम. पूर्णेजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत शिकवतात.

वर्षभरात आपण काय काय बोललो, ते जो तो आठवत होता. मग जे सुरू झालं ते लग्नातल्या मानपानासारखं. "मॅडम, आधी तुमी या." "न्हाई न्हाई, गोळ्या ताईंना द्या." "ताई, तुमी सावलीत थांबा." सुनीलनं तर स्वतःचं हेल्मेट काढून त्यांच्यापुढं ठेवलं आणि तिथंच डोक्यात गोळी खाऊन पडला.

शेवटी मॅडम वैतागून म्हणाल्या, "मला ताई म्हणू नका, कव्हर द्या!"

तेव्हापासून त्या कॅप्टन आहेत. पण जे दोन-चार जण माइकवर शिव्या द्यायचे, त्यांनी बोलणंच सोडलं. शिव्या वजा केल्यावर त्यांच्याजवळ बोलायला फारसं काही उरत नव्हतं.

*

एकदा मी चिडलो आणि ग्रुपवर थेट विचारलं, ‘तुम्ही कामून बोलत नाही? खरं कारण सांगा.’ ग्रुपवर कोणीच सांगितलं नाही. पण तासाभरात मला खासगीत मेसेज यायला लागले, आणि प्रत्येकाच्या शेवटी, ‘ग्रुपवर सांगू नका.’

सुनीलनं लिहिलं, ‘कैलासभाऊ हुशार हायत, आपलं हसं होईल.’ कैलासनं लिहिलं, ‘सुनील हसतो.’ सुषमा मॅडमनी लिहिलं, ‘गंगाधर सरांचं दडपण येतं.’ आणि गंगाधर सरांनी लिहिलं, ‘तरुण मंडळींच्या चर्चेत म्हाताऱ्याने कशाला तोंड घालावे? कंटाळतील.’

ते वाचून मला हसू आलं आणि जरा वाईटही वाटलं. सगळे एकमेकांना भीत होते, आणि ज्याला भ्यावं असं तिथं कोणीच नव्हतं.

एकाचाच मेसेज आला नाही. तो म्हणजे ‘शांतपाखरू’.

*

शांतपाखरू हा आमचा सगळ्यात चांगला गडी. वर्ष झालं, त्यानं अक्षर लिहिलं नाही, शब्द बोलला नाही, अंगठासुद्धा नाही. फक्त समोरचे टपाटपा पडायचे. एकच खोड होती. कधी कधी चालू लढाई सोडून तो अचानक गायब व्हायचा.

आता मधेच आमच्या गावची एक गोष्ट सांगावी लागते. पूर्णेत कोणी वारलं की भोंगा लावलेला ऑटो गल्लोगल्ली फिरतो. ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की...’ असा भरदार, घुमणारा आवाज येतो. तो आला की अख्खी गल्ली थांबते. माझी आई नळ बंद करते, गॅस बंद करते, एक बोट वर धरते. नाव ऐकून झालं की तिचा एकच प्रश्न असतो, "माती किती वाजता हाय?" कारण मातीला, म्हणजे अंत्यविधीला, कधी जायचं ते कळल्याशिवाय भाकरी आधी टाकायच्या की आल्यावर, हे ठरत नाही.

शांतपाखरू गायब झालं की थोड्या वेळानं आमच्या गल्लीत हा ऑटो यायचा. मला वर्षभर काहीही कळलं नाही. असा मी ग्रुपचा ॲडमिन.

झालं असं, की सेलूच्या एका मंडळानं स्पर्धा ठेवली आणि आमची टीम चक्क फायनलला गेली. मी, सुनील, सुषमा मॅडम आणि शांतपाखरू. पण मागच्या खेपेला एकच माणूस तीन नावांनी खेळला होता म्हणून मंडळानं नियम केला. लढाईआधी प्रत्येकानं माइकवर ‘हजर’ म्हणायचं, एक जरी बोलला नाही तरी टीम बाद. मी पाखराला मेसेज केला, ‘रविवारी एक शब्द बोलावा लागेल.’ उत्तर नाही.

शनिवारी दुपारी दुकानात ऑटोवाला अंकुश आला. भोंग्यातला आवाज त्याचाच. मी मान वर केली आणि तोंडातून गेलंच, "कोण गेलं?"

"कोणी न्हाई," तो हळूच म्हणाला. "मी पाखरू हाय."

तो उभ्या उभ्याच बोलला, "उद्या माझ्या जागी दुसरं कोणी घ्या भाऊ. माझा आवाज लोक वळखतेत. हॉटेलात चहा मागितला तरी चार जण कप खाली ठेवून इचारतेत, कोण गेलं. लग्नात नवरीच्या आज्जीजवळ बसू देत न्हाईत. तुमच्यात तेवढं मला कोणी भेत न्हाई. तिथं मी निस्ता पाखरू हाय. कळलं की तिथंबी तेच व्हनार."

मला लाज वाटली. त्याला बस म्हणायच्या आधी मीही तेच विचारलं होतं. मी खुर्ची पुढं केली, चहा मागवला. म्हणालो, "तुझ्याशिवाय आमी कशाला जिंकतोय? एकच शब्द हाय. हळू म्हण. म्हणून बघ बरं."

तो घसा खाकरून म्हणाला, "हजर."

बाहेर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं डोक्यावरची टोपी काढली.

"उद्या तोंडाला रुमाल धर," मी म्हणालो.

रविवारी संध्याकाळी मी घरी, पलंगावर. हेडफोन नेमका बिघडलेला, म्हणून फोन स्पीकरवर. आत आई भाकरी थापत होती. हजेरी सुरू झाली. सुनील हजर, मॅडम हजर, मी हजर. मग रुमालातून कुठूनतरी बारीक, गुदमरलेलं ‘हजर’ आलं. मंडळाचे पंच म्हणाले, "तब्येत बरी नाही का?" पण चाललं. कोणाला संशय आला नाही. माझ्या जिवात जीव आला.

लढाई तुंबळ झाली. सुनील पडला, मॅडम पडल्या, पण दोघं ऐकत होते. त्यांचेही दोघं पडले. उरले तिकडं दोघं, आणि इकडं मी आणि पाखरू. मी पाण्याच्या टाकीकडं पळालो आणि मागून गोळी लागली. मी आडवा.

"काय झालं? कोण पडलं?" मॅडम ओरडल्या. "मिलिंदभाऊ? पाखरू, सांगा काहीतरी!"

पाखराचे दोन्ही हात बंदुकीवर. रुमाल पडला असणार. आणि सांगायचं म्हटल्यावर त्याच्या तोंडाला जी सवय होती तेच बाहेर आलं, पूर्ण आवाजात, "कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आपल्या पलटणीचे मिलिंदभाऊ यांचे आत्ताच पाण्याच्या टाकीजवळ निधन झाले आहे."

सुनील गप्प, मॅडम गप्प. ज्याला अंकुश वर्षभर भीत होता, तेच झालं होतं.

आणि आत भाकरीची थापथाप थांबली. नळ बंद झाला. गॅस बंद झाला. आई पिठाच्या हातानं दारात आली, एक बोट वर.

"कोण गेलं रे?"

"मीच, आई."

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं.

"बरं. माती किती वाजता हाय?"

मी काही बोलायच्या आत फोनमधून उत्तर आलं, खणखणीत, भोंग्याच्या आवाजात, "जरा थांबा मावशी, आणखी दोघं जायचेत. सगळ्यांची माती एकदाच करू."